घटका

गिऱ्हाइकानं विचारलं, यात स्पोर्ट्स काय आहे?
नवा पोरगा, पोखऱ्याचा प्रज्वल घिमिरे,
काचेपलीकडून माझ्याकडे बघत राहिला.
माझ्या डोळ्यात भिंग, चिमट्यात केसाएवढी स्प्रिंग.
मी मानेनंच म्हटलं, थांब.

दुपारी, दोहा उन्हात मिटून बसल्यावर,
त्याला सांगितलं, मला जसं सांगितलं होतं तसं:
अंग पोलादाचं. पट्टा असा, की घड्याळातूनच ओघळत आलाय.
काट्यांवर अंधारात उजळणारा लेप.
काचेभोवतीचं कडं एकाच दिशेनं फिरतं,
म्हणजे पाण्याखाली धक्का लागला, चूक झालीच,
तरी ती जिवाच्या बाजूनं होते.
आणि पाठीवर कोरलेलं: तीनशे मीटर.

प्रज्वल म्हणाला, दीदी, हे आखात किती खोल?
शंभराच्या आत, मी म्हटलं.
मग उरलेले दोनशे?
त्याला मी चहा आणायला पाठवलं.

काय काय निघालंय माझ्या ब्रशाखाली
या खेळाडूंच्या कड्यांमधून:
उदाचं तेल, खजुराचा चिकटा, सनस्क्रीन,
एकदा बहिरी ससाण्याचं पीस, पापणीएवढं.
शहानियाला पहाटे उंट पळतात,
पाठीवर जेवणाच्या डब्याएवढा यंत्राचा स्वार,
आणि मालक शेजारच्या रस्त्यानं गाडीत,
एक हात चाकावर, दुसरा रिमोटवर, तोंडानं आरडाओरडा.
त्या हाताच्या हिसक्यांनी आतलं वजन गरगरतं
आणि घड्याळाला आपोआप किल्ली बसते.
तोही खेळच.
दमतो कोण, ते उंटाला विचारा.

मग गानिमसाहेब आले.
रुमालात गुंडाळलेलं घड्याळ, काचेच्या आतून धुकं.
कुठं बुडवलंत?
कुठंच नाही. वुजू केला. फक्त वुजू.

मी पाठ उघडली.
चार-पाच थेंब असतील, नळाचे,
आणि एका चाकाच्या दातांत
चहाच्या डागासारखा गंज.
मागचा महिना तिसाचा.
तारीख पुढे सारायला त्यांनी किल्ली सोडवली,
एकतीसचं एक केलं,
तेवढ्यात मुलीचा फोन आला, म्हणाले,
आणि त्यापुढे काही म्हणाले नाहीत.
मळसूत्र तसंच राहिलं, उघडं.
तीनशे मीटरवाला
मशिदीच्या ओट्यावर, ओंजळभर पाण्यात गेला.

आमच्याकडे एके काळी बुडण्यावरच वेळ मोजायचे.
तळाला भोक पाडलेली वाटी, पाण्यावर सोडलेली.
हळूहळू भरायची, बुडायची: एक घटका.
वाटी कधी बुडते याकडे डोळे लावून
लग्नं खोळंबायची, अक्षता मुठीत ओल्या व्हायच्या.
वाट्या गेल्या. बोलण्यात तेवढं राहिलं,
कुणाची तरी घटका भरली, म्हणतो आपण,
आवाज खाली आणून.
आणि मी इथं, एसीत, पगार घेते
घटका भरू न देण्याचा.

नवं रबर, सिलिकॉनचा बारीक हात,
किल्ली खाली दाबून चार वेढे, पाचवा जिद्दीनं.
मग हवेच्या दाबाच्या डब्यात ठेवते.
पडद्यावर दिसतं, पोलाद आत दबतं,
केसाच्या शंभराव्या भागाइतकं,
आणि दाब सोडला की परत येतं.
पाणी नाही, समुद्र नाही.
ते परत आलं की मी सही करते.

प्रज्वलनं वहीत सगळं उतरवलंय: पोलाद, कडं, लेप, मीटर.
खाली माझं एक वाक्य, नेपाळीत करून घेतलेलं:
ज्याची किल्ली आवळायची कुणीतरी आठवण ठेवावी लागते, ते.
गिऱ्हाइकाला हे सांगू का, विचारत होता.
सांग, म्हटलं, विकलं गेलं तर मलाही कळव.

गानिमसाहेबांना तीन आठवड्यांची तारीख दिली.
पावती घेताना त्यांनी मनगट वळवून बघितलं.
तिथं फक्त पट्ट्याच्या आकाराचं गोरं कातडं.
तरी बघितलं, नीट, दोन क्षण,
आणि म्हणाले, फार उशीर झाला.

कशाला, ते मी विचारलं नाही.